ज्याची त्याची ‘गाठ’

‘दुसरी पाळी’चा नवा अल्बम आला त्या सकाळी कल्याणी बिरनाळेने पोहे करपवले आणि नवऱ्याला ते तसेच खायला घातले. दोन्ही गोष्टींचं तिला काही वाटलं नाही. ती ओट्याला टेकून, डोळे मिटून उभी होती आणि कानातल्या मोत्यांमधून विशू वरुटे गात होता. मोती म्हणजे साधे इयरबडच. पण ते इतके बारके आणि गोल होत गेले की लोकांनी त्यांचं मूळ नाव टाकून दिलं, आणि कंपन्याही मग डबीवर तेच नाव छापू लागल्या.

‘दुसरी पाळी’ हा इचलकरंजीचा बँड. विशू गायचा, मृदुला हलवाई गिटार वाजवायची आणि बाबासो खंजिरे ड्रम. तिघंही यंत्रमागांच्या गल्ल्यांत वाढलेले, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक गाण्याच्या पोटात मागाची खडखड असायची. बाबासोने ती ड्रमवर अशी काही उतरवली होती की जन्मभर मागावर राबलेल्या म्हाताऱ्यांना ती ऐकत छान झोप लागे. पुढे गावातले खडखडणारे माग भंगारात गेले, त्यांच्या जागी गुपचूप विणणारी यंत्रं आली, आणि जुनं इचलकरंजी ऐकायचं तर ‘दुसरी पाळी’ लावायची अशी वेळ आली. बँडचे चाहते स्वतःला पाळीकर म्हणवून घेत. ते सांगलीत असोत की दुबईत, दोन पाळीकर भेटले की तिसरा माणूस कंटाळून उठून जाणार हे ठरलेलं.

खरं सांगायचं तर कल्याणीला ती खडखड कधीच फारशी आवडली नव्हती. तिचा जीव विशूच्या आवाजावर. खडखड तिने लग्नाबरोबर आलेल्या सासरच्या गोतावळ्यासारखी चालवून घेतली होती. नव्या अल्बमात मात्र ती पार मागे सरली होती आणि विशू इतका जवळ आला होता की गाताना त्याने श्वास कुठे घेतला तेही कळत होतं. इंद्रनील भादुरी नावाच्या बंगळूरच्या कुणा प्रोड्युसरने बँडचा आवाज बदलून टाकला, अशी बोंब आधीपासून होतीच. बदललाच होता त्याने. कल्याणीच्या मनात आलं, चला, इतक्या वर्षांनी कुणाला तरी अक्कल सुचली.

शेवटचं गाणं होतं ‘गाठ’. गाव सोडून गेलेल्या बाईला मागे राहिलेली मैत्रीण काय म्हणते, त्याचं गाणं. शेवटच्या कडव्यात ती तिला मोकळ्या मनाने निरोप देते. ते ऐकताना कल्याणीचे डोळे भरून आले, आणि नेमका तेव्हाच शबाना मुजावरचा फोन आला.

शबाना तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. दोघींनी मिळून इचलकरंजीत कापडाचं दुकान काढायचं ठरलं होतं. नाव ठरलं, गाळा बघून झाला, आणि कल्याणीला पुण्याच्या रुग्णालयात तान्ह्या बाळांचे कान तपासायची नोकरी लागली. शबानाने दुकान एकटीने काढलं आणि चांगलं चालवलं. झाल्या गोष्टीवर ती कधी चकार शब्द बोलली नाही, आणि कल्याणीनेही कधी विचारलं नाही. पाळीकर मंडळ मात्र दोघी मिळून चालवत.

“ऐकलास काय?” शबानाने विचारलं. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी येते’ म्हणत नाहीत, ‘मी येतो’ म्हणतात. पुण्यात जाऊन कल्याणी ‘येते’वर आली होती, शबाना ‘येतो’वर ठाम होती.

“ऐकला गं. रडले मी.”

“मी पण रडलो! काय वाजवलंय बाबासोनं! छातीत माग बसवल्यागत वाटायलंय. आणि विशूला मागं ढकलला ते लई बेस केलं. किती चिरकायचा!”

“काय म्हणतेस? मागाचा तर आवाजच नाहीये. नुसता विशू आहे.”

“कान तपासून घे जा तुझं. तुझ्याच दवाखान्यात फुकट करतील.”

“शबाना, मी आत्ता ऐकलंय. आत्ता.”

“मग मी काय काल ऐकलंय?”

अल्बम दोघींना जिवापाड आवडला होता आणि तरी त्यावरून शब्दाला शब्द वाढत होता. भांडण कशावरून आहे तेच कल्याणीला उमगेना. मग शबानाचा आवाज खाली आला.

“ते जाऊ दे. शेवटचं कडवं ऐकताना तुझी आठवण आली मला.”

“मलाही तुझी आली. वाटलं, तूच म्हणतेयस.”

“आणि तुला लागलं न्हाई?”

“लागायचं काय त्यात? उलट किती बरं वाटलं.”

“बरं वाटलं,” शबाना सावकाश म्हणाली. “चांगलं हाय.” आणि तिने फोन ठेवला. त्यानंतर तिने स्वतःहून फोन करणं बंद केलं. कल्याणीने केला की “दुकानात गर्दी हाय” एवढंच उत्तर यायचं. आपलं नक्की चुकलं काय, यावर कल्याणीने भरपूर डोकं खाजवलं, पण हाती काही लागलं नाही.

तिकडे मंडळाच्या गटावर तर रणच माजलं होतं. एक म्हणे बँडने गाव विकलं, दुसरा म्हणे बँड आत्ता कुठे गावात परत आला. कुणाला गिटार फार वाटली, कुणाला गिटार सापडेचना. साताऱ्याच्या एका गृहस्थांनी लिहिलं की नव्या प्रोड्युसरने गाण्यांतला सगळा संताप काढून घेतला; त्यांच्या सख्ख्या भावाने खाली लिहिलं की इतका संतापलेला अल्बम जन्मात ऐकला नाही. काही मंडळी अशीही होती की ज्यांना अल्बम वाईटच निघणार याची आधीपासून खात्री होती. त्यांना तो खरोखरच वाईट लागला, आणि त्यांच्याइतकं सुखी त्या दिवसांत कुणीच नव्हतं. जो तो आपल्या म्हणण्याच्या पुराव्याला गाण्याचे तुकडे पाठवी. समोरचा ते आपल्या कानात घालून ऐके आणि म्हणे, बघ, मी सांगतोय तेच आहे की नाही! कल्याणी सगळ्यांना शांत करायला जाई आणि दोन्हीकडून शिव्या खाऊन परत येई.

अशात पाळीकरांचा वार्षिक मेळावा आला. तो इचलकरंजीत एका मंगल कार्यालयात भरे. मेळाव्यात भाषणं नसत, हारतुरे नसत, गाणी एकत्र ऐकायची एवढाच कार्यक्रम. आणि त्यात टाळीचा मान मोठा. मागावर धागा तुटला की माग आपसूक थांबतो, विणकर गाठ मारतो आणि माग पुन्हा चालू होतो. ‘दुसरी पाळी’च्या प्रत्येक गाण्यात तसा एक थांबा असतो. ऐन भरात सगळी वाद्यं गप्प होतात, एक श्वास जाईल एवढीच शांतता, आणि गाणं पुन्हा धावू लागतं. त्या शांततेत सगळ्यांनी मिळून एक टाळी द्यायची. एकच. ज्याची टाळी पुढेमागे पडेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा, आणि वर्षभर चिडवून घ्यायचं.

पूर्वी गाणी हॉलच्या मोठ्या स्पीकरवर लागत. नवा अल्बम फक्त मोत्यांवर ऐकू येई, तेव्हा सगळ्यांनी मोती घालून एकाच क्षणी ‘गाठ’ सुरू करायचं ठरलं. शबाना आली होती, पण कल्याणीपासून चार खुर्च्या लांब बसली. इशारा झाला. भरल्या हॉलमध्ये बाहेरून काहीच ऐकू येत नव्हतं. नुसत्या माना डोलत होत्या, आणि त्याही वेगवेगळ्या डोलत होत्या हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग कोपऱ्यातून एक टाळी आली. लोक हसले. लगेच दुसरीकडून दोन आल्या, मग मधूनच चारपाच, आणि कढईत लाह्या फुटाव्यात तशा टाळ्या हॉलभर इथे तिथे फुटत राहिल्या. कल्याणीच्या कानात थांबा आला तेव्हा तिने टाळी दिली आणि पाहिलं तर ती एकटीच. शबानाची टाळी तिच्यानंतर कितीतरी वेळाने आली.

“नेटवर्क गंडलंय,” कुणीतरी म्हणालं. गाणं मोत्यांत उतरवून घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा लाह्या. आता कुणी हसेना. साताऱ्याचे दोघं भाऊ ‘थांबा दुसऱ्या कडव्यानंतर आहे’ आणि ‘चौथ्यानंतर आहे’ यावरून हातघाईवर आले होते. त्या गलक्यात कल्याणीच्या डोक्यात एक भलतीच शंका आली. सगळेच बरोबर असले तर?

तिला हे आधी सुचायला हवं होतं. रोज ती जे काम करी तेच हे होतं. आपला कान नुसता ऐकत नाही, तो आवाजही करतो. आतल्या शंखाच्या आकाराच्या नळीत केसांसारखी टोकं असलेल्या पेशी असतात. बाहेरून आवाज आला की त्या थरथरतात, आणि त्या थरथरीचा एक अगदी क्षीण आवाज उलट कानाबाहेर येतो. माणसाला तो ऐकू येत नाही, पण बारीक मायक्रोफोनला येतो. तान्हं बाळ ‘ऐकू आलं’ असं सांगू शकत नाही, म्हणून त्याच्या कानात छोटी नळी ठेवून हा परतीचा आवाज टिपतात. शिवाय कानाच्या पडद्यामागे इवलेसे स्नायू असतात. नकोशा दणक्याची चाहूल लागली की ते आवळतात, जिवाला निवांत वाटलं की सैल पडतात. कानात मायक्रोफोन असलेला मोती बसवला की हे सगळं आयतं टिपता येतं.

भादुरीने यापुढे फक्त एक पाऊल टाकलं असणार. कान काय सांगतो ते टिपायचं, आणि गाणं चालू असतानाच त्या कानाला हवं तसं वळवायचं. आवळला तर ड्रम खाली घ्यायचा, सैलावला तर आणखी वर. थांबा कुठे यावा असं त्या माणसाला आतून वाटतंय, तिथेच तो आणायचा. विशूने कडवीसुद्धा नाना तऱ्हांनी गाऊन ठेवली असणार. आधीच्या ओळींवर कान कसा वागला ते पाहून यंत्र पुढची निवडी. अल्बमच्या जाहिरातीत ‘खास तुमच्यासाठी घडवलेला आवाज’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलंही होतं. जाहिरातीवर विश्वास ठेवायचा नसतो म्हणून कुणी ठेवला नाही.

कल्याणीने हे माइकवरून सांगितलं. “खात्री करून बघू,” ती म्हणाली. “मोती एकाच्या कानात ठेवायचे आणि त्यात जे वाजतंय ते हॉलच्या स्पीकरवर सोडायचं. कोण येतंय?”

“मी येतो,” शबाना म्हणाली आणि तरातरा पुढे आली.

स्पीकर दणाणला. कल्याणीने हे गाणं कधी ऐकलंच नव्हतं. माग नुसता कोसळत होता, विशू त्याच्या पलीकडून ओरडत होता, आणि शेवटच्या कडव्यात त्याचा आवाज कोरडा ठणठणीत झाला:

*गेलीस ती गेलीस बाई,*
*वळून नाही पाहिलंस;*
*गाठ मारायच्या वेळी*
*बोट काढून घेतलंस.*

मग कल्याणीची पाळी होती. तिने मोती घातले, आणि हॉलभर विशू हळुवारपणे म्हणाला:

*जा गं बाई, जा सुखाने,*
*गाठ तुझी सैल आहे;*
*इथलं सूत इथे राहो,*
*तुझं आभाळ मोकळं आहे.*

लोक अचंब्याने टाळ्या पिटत होते, पुढचा नंबर लावत होते, जादूच्या खेळासारखं सगळं चाललं होतं. व्यासपीठावरच्या दोघींना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

“तुला एवढा राग होता?” कल्याणीने विचारलं.

“आणि तुला एवढी माफी कशाला पायजे हुती? मी कधी काय म्हणलो होतो?”

एका अर्थी यंत्राने दोघींची चहाडी केली होती. आपल्याला मैत्रिणीबद्दल काय वाटतं हे शबानाला बहुधा स्वतःलाही इतकं स्वच्छ ठाऊक नसावं. आणि कल्याणी? ती इतकी वर्षं स्वतःला सांगत आली होती की त्या दुकानाचं शबानाला काहीच वाटलं नाही.

मेळाव्याने ठरवलं ते एवढंच की बँडकडे जायचं आणि विचारायचं, यातलं खरं गाणं कुठलं? जायचं काम मंडळ चालवणाऱ्या दोघींवर आलं. एकमेकींशी बोलायची इच्छा नसताना त्या एकाच रिक्षात बसून निघाल्या.

बँड एका जुन्या मागाच्या कारखान्यात बसे. माग कधीच गेले होते, जमिनीत त्यांचे बोल्ट तेवढे राहिले होते, आणि नवखा माणूस त्यांना हटकून अडखळे. मृदुलाने चहा टाकला. विशू खिडकीपाशी होता, बाबासो ड्रमवर आडवा हात टाकून बसला होता.

“खरं गाणं?” विशू गोंधळून म्हणाला. “माझ्यात आवाज पुढं आहे. तेच खरं असणार की.”

“हे बघा, आता सुरू होईल,” मृदुला पुटपुटली.

“तुझ्यात आवाज पुढं आहे?” बाबासो उठलाच. “माझ्यात तर माग आहे. मी तर म्हटलं, विशूनं एकदाचं ऐकलं माझं!”

“तुम्हाला ठाऊक नव्हतं?” कल्याणीने विचारलं.

“मला होतं,” मृदुला म्हणाली. “भादुरीनं मला सांगितलं होतं. ह्या दोघांना मी सांगितलं नाही. विशूला वाटलं, इतक्या तऱ्हांनी गाऊन घेतलंय त्यातली एक निवडतील. कल्याणीताई, तुम्ही बाहेरून गाणी ऐकता. इथं आत काय चालायचं ते आम्हाला विचारा. ह्याला माग काढायचा होता, त्याला माग वाढवायचा होता, रोज उठून तेच. आम्ही मोडणार होतो. नव्या अल्बमऐवजी तुम्हाला निरोपाची चिठ्ठी मिळाली असती. भादुरी म्हणाला, भांडताय कशाला, सगळ्यांना सगळं देतो. आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकत्र जेवायला बसलो.”

बाबासो विशूकडे बघत होता आणि विशू जमिनीतल्या बोल्टांकडे. इतके महिने दोघं एकमेकांचे आभार मानत होते, आणि ते कशाबद्दल होते ते त्यांना आत्ता कळत होतं.

“आणि आता ती कंपनी हेच फोनवरच्या बोलण्यासाठी करणार आहे,” मृदुलाने सांगितलं. “बोलणाऱ्याचा सूर आणि शब्द ऐकणाऱ्याला सोसेल तसे मऊ करून द्यायचे. चाचण्या सुरू आहेत म्हणे.”

कल्याणीने हातातला कप खाली ठेवला. ‘दुकानात गर्दी हाय,’ असं शबाना फोनवर म्हणायची. तेवढंच म्हणायची ना?

“तुम्ही सांगाल तसं करू,” मृदुला पुढे म्हणाली. “पाळीकरांना एकच गाणं पाहिजे असेल तर तिघं एका खोलीत बसून एकच करू. पण मी आत्ताच सांगते, त्यानंतर हे दोघं एका खोलीत बसतील याची खात्री माझ्याकडे नाही. आणि राहू द्यायचं असेल तर राहू द्या. सगळे खूश आहेत. काय वाईट आहे त्यात?”

आपण काय म्हणणार हे कल्याणीला शेवटच्या क्षणापर्यंत कळत नव्हतं. तिला तिचं ‘गाठ’ हवं होतं. रोज सकाळी कुणीतरी कानात ‘जा गं बाई, जा सुखाने’ म्हणतंय, यात खरंच काय वाईट होतं? बँड मोडला तर तो आपल्या एका शब्दाने मोडणार होता. तिने शबानाकडे पाहिलं.

“राहू दे की,” शबाना म्हणाली. “ज्याला जे पायजे ते मिळतंय. कशाला मोडायचं?” ती हे बँडबद्दल बोलत होती की आणखी कशाबद्दल, कोण जाणे.

“नको,” कल्याणी म्हणाली, आणि आपलाच आवाज ऐकून चपापली. “एकच करा. वाईट झालं तरी चालेल.”

“वाईटच होणार,” बाबासोने बजावलं.

झालंही तसंच. बऱ्याच महिन्यांनी बँडने पाळीकरांना कारखान्यात बोलावलं. मोती दारात काढून एका परडीत ठेवायला लावले. मृदुलाने एक जुना, कोपरे उडालेला स्पीकर मध्ये आणून ठेवला आणि ‘गाठ’ सुरू केलं.

काय सांगावं! माग आणि आवाज सारखे एकमेकांच्या पायात पाय घालत होते. विशू सूर लावतोय तोवर बाबासो त्याच्यावरून गाडी नेई. बाबासो जरा रंगात येतोय तोवर विशू ताल सोडून भलतीकडे निघून जाई. शेवटच्या कडव्यावर तिघांचं एकमत झालंच नसावं. विशू ‘गेलीस’ म्हणून थांबतो, पुढे शब्दच नाहीत. मागाची खडखड तेवढी चालत राहते, रखडते, आणि गाणं संपलं की बंद पडलं हेही धड कळत नाही.

साताऱ्याचे थोरले बंधू म्हणाले, “भिकार आहे.” धाकटे म्हणाले, “अगदी भिकार. तो दुसऱ्या कडव्यातला घोळ ऐकलास?” “ऐकला की! आणि नंतर गिटार कशी एकटी पडते!” आणि बघता बघता सगळा कारखाना त्या गाण्यावर तुटून पडला. कुणी विशूला नावं ठेवी, कुणी बाबासोला, पण ज्या जागेला एकाने नाव ठेवलं ती जागा दुसऱ्यालाही ठाऊक होती. लोक तावातावाने बोलत होते, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. शिव्या घालायला का होईना, सगळ्यांकडे एकच गाणं होतं.

विशू मात्र चहा येण्याआधीच निघून गेला. बाबासो ड्रमचे स्क्रू सैल करत होता. ते वाजवायला की कायमचे बांधून ठेवायला, हे त्याला कुणी विचारलं नाही. मृदुलाला विचारलं तर ती म्हणाली, “मला नाही माहीत.” आपण हे बरोबर केलं की वाटोळं केलं, कल्याणीला ठरवता येईना. तिचं ते हळुवार गाणं तर आता कुठेच राहिलं नव्हतं. बँडने अल्बम मोत्यांवरून काढून टाकला होता. आतला गोंगाट तिला सोसेना. ती अंगणात येऊन पायरीवर बसली.

थोड्या वेळाने शबाना दोन कप घेऊन बाहेर आली आणि शेजारी टेकली.

“काय बेकार गाणं हाय गं.”

“बेकारच आहे.”

“शेवटी तर नुसताच थांबतोय. आयला, काय म्हणायचं ते म्हणून तरी मोकळं व्हावं की माणसानं.”

उन्हात चहा पीत दोघी बसून राहिल्या. दोघींच्याही कानात काही नव्हतं.

“मी फोनवर सांगणार होतो तुला,” शबाना म्हणाली. “मग म्हटलं, फोनचा काय भरवसा आता. मी बोलणार एक आणि तुला ऐकू येणार भलतंच. म्हणून इथंच सांगतो. मला राग आला होता कल्याणी. अजून हाय. ऐकणार हायस?”

‘तेव्हा माझाही नाइलाज होता गं,’ हे कल्याणीच्या ओठांवर आलं होतं. तेवढं बोलली असती तर शबाना लगेच विरघळली असती, ‘जाऊ दे’ म्हणाली असती, आणि सगळं पहिल्यासारखं गोड झालं असतं. कल्याणीने ते गिळलं.

“ऐकते,” ती म्हणाली. “सांग.”

शबाना सांगायला लागली. त्यातला एकही शब्द कल्याणीला हवा होता तसा नव्हता, आणि ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.